निवड तिची

जरीपटक्यातल्या घरात पाहुणा आला की पाण्याच्या पेल्याबरोबर भाजलेला पापड येतो. आमच्या सोलापूरकडे उन्हातून आलेल्या माणसापुढे गूळ-पाणी ठेवतात, इथे पापड. तो मोडत मोडत चौकशी होते: प्रवास कसा झाला, घरी कोण कोण, मुलं काय करतात. चहा त्यानंतर.

ज्या घरी मी उतरले होते, तिथल्या थोरल्या बाईंना सगळी गल्ली दादी म्हणते. फाळणीच्या वेळी त्या आईच्या कडेवर होत्या. सिंधमधून निघालेली अशी कितीतरी कुटुंबं १९४७-४८ च्या सुमारास नागपूरला आली आणि शहराच्या उत्तरेला इथे वसली. आज बाजारातून चालताना कापड, चपला, भांडी, मिठाई यांची दुकानं एकमेकांना चिकटून उभी दिसतात. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘साईं’ म्हणतो, भाव नागपुरी हिंदीत सांगतो, शेजाऱ्याशी सिंधीत बोलतो आणि भाजीवालीशी मराठीत. तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच बोळात ऐकत मी वाढले, त्यामुळे हा बाजार मला पहिल्याच संध्याकाळी ओळखीचा वाटला.

झूलेलालचा चालीहो सुरू होता. चाळीस दिवसांचं हे व्रत सिंधी घरांत जुलै-ऑगस्टात पाळतात. घरातल्या भाभींचा उपास होता, तरी सकाळी त्यांनी माझ्यासाठी दाल-पकवान केलंच: मऊ शिजलेली चण्याची डाळ, वर चिंचेची आंबटगोड चटणी, आणि बोट लावताच खळ्ळकन मोडणारा पकवान. ताटातला पकवान संपत आला की न विचारता दुसरा येई. नको म्हटलं की भाभींचा चेहरा इतका पडे, की मी नको म्हणायचं सोडून दिलं.

मी विदर्भात आले होते ती विणीच्या हंगामातले पक्षी पाहायला. या दिवसांत नर कसे नटतात, कोणासाठी नटतात आणि त्या नटण्याला दाद कोण देतं, हे मला पाहायचं होतं. पूर्वेकडे धानाची खाचरं आणि तलाव, पश्चिमेकडे माळ. श्रावणात दोन्हीकडे पाखरांची धांदल असते. पण पहिलं दर्शन झालं ते दादींच्या गच्चीवरच.

दादी रोज सकाळी गच्चीत ज्वारी टाकतात. पाण्याच्या टाकीच्या कडेवर एक पारवा छाती फुगवून, मान खालीवर करत, शेपटी सिमेंटला घासत गोल फिरत होता. त्याचं घुमणं टाकीच्या पोकळीत मोठं होऊन ऐकू येत होतं. मानेवरची झळाळी तो वळला की हिरवी दिसे, पुन्हा वळला की जांभळी. ज्या पारवीसाठी हे चाललं होतं ती निवांत ज्वारी टिपत होती. ती दोन पावलं सरकली की हाही दोन पावलं. शेवटी ती उडून समोरच्या कठड्यावर जाऊन बसली.

“रोज का है,” दादी म्हणाल्या. “वो मानती नहीं, ये छोड़ता नहीं.”

गावठी पारवा आपण इतका पाहतो की पाहतच नाही. पण मला हवं होतं ते सगळं त्या टाकीच्या कडेवर होतं: अंगावरचा रंग, तो दाखवण्याची रीत, आणि हे सगळं पाहून निर्णय घेणारी ती. दादींनी ‘मानती नहीं’ म्हटलं, तेव्हा मुख्य पात्र कोण हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

दुपारी भाभींच्या भावाने मला इंदोऱ्याच्या बाजूला एका कबुतरवाल्यांच्या माडीवर नेलं. लाकडी खणांच्या काबुकांत गिरहबाज होते, लोटन होते, आणि एका कोपऱ्यात पांढरे लक्के. साध्या कबुतराला शेपटीची बारा-चौदा पिसं असतात, लक्क्याला तीस-चाळीस. ती सगळी पंख्यासारखी उभी राहतात आणि त्यांच्या भाराने त्याची मान मागे कलते. कबुतरवाल्या चाचांनी एक लक्का तळहातावर घेतला. शेपटी पूर्ण गोल उघडली तर त्याची पिल्लं ठेवायची, नाहीतर देऊन टाकायची, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या वडिलांचाही हाच होता.

चार्ल्स डार्विन याच हिशेबाच्या शोधात होता. त्याने स्वतः कबुतरं पाळली, लंडनच्या कबुतरशौकिनांच्या मंडळांत तो जाऊन बसला, आणि १८५९ च्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांच्याविषयी भरभरून लिहिलं. माणूस पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट निवडत गेला तर पाखराचं रूपच पालटतं, हे त्याला लक्क्याने दाखवलं. लक्क्याची शेपटी म्हणजे चाचांची, त्यांच्या वडिलांची आणि त्याआधीच्या असंख्य शौकिनांची आवड आहे, हाडामांसात उतरलेली. मग रानातल्या पाखरांच्या अंगावर कोणाची आवड उतरली आहे?

गोरेवाडा जरीपटक्यापासून लांब नाही. वस्ती विरळ होते न होते तोच तलाव लागतो आणि त्यामागे सागाचं नि झुडपांचं रान. २६ जानेवारी २०२१ ला इथलं प्राणिसंग्रहालय सुरू झालं, तेव्हापासून लोकांचा राबता वाढला आहे. मी रानाच्या कडेने गेले. पाऊस उघडला होता, आणि एका मोकळ्या जागेत मोर पिसारा उभारून आमच्याकडे पाठ करून उभा होता.

पाठीमागून पाहिल्यावर कळतं की पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. शेपूट वेगळी, आखूड, तपकिरी, पिसाऱ्याला मागून टेका देणारी. पिसारा पाठीच्या बुडाशी उगवलेल्या पिसांचा असतो, दीड मीटरच्या आसपास लांब. निळा-हिरवा रंगही त्या पिसांत कुठे भरलेला नाही. पिसाच्या आतली अतिसूक्ष्म मांडणी उजेडाला अशी परतवते की आपल्याला निळं-हिरवं दिसतं. पीस कुटून पूड केली तर ती तपकिरी निघेल.

“थांबा ना ताई, आता वाजवून राह्यला पाहा,” बरोबरचा वनमजूर म्हणाला.

मोर वळला आणि पिसारा सळसळला. सळसळण्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. मोर सेकंदाला पंचवीसेक वेळा पिसं थरथरवतो, आणि या थरथरीत मागची झालर लखलखत राहते पण पिसांवरचे डोळे मात्र जागीच ठरल्यासारखे दिसतात, असं २०१६ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट कळली: लांडोरीच्या डोक्यावरच्या तुऱ्याची पिसंही जवळपास त्याच लयीला डोलतात. म्हणजे ती नुसत्या डोळ्यांनी पाहत नसेल, तुऱ्यानेही ते कंपन टिपत असेल.

मोराच्या पुढ्यात दोन लांडोरी होत्या. एक चिखलात चोच घालत होती. दुसरीने मान उंच करून त्याच्याकडे पाहिलं, चार पावलं बाजूला जाऊन पुन्हा पाहिलं. मोर तिच्या दिशेने फिरला. ती त्याला सगळ्या बाजूंनी पारखत होती.

त्या ग्रंथाच्या दुसऱ्या वर्षी, १८६० मध्ये, डार्विनने अमेरिकेतल्या आसा ग्रे या मित्राला कळवलं होतं की मोराचं पीस पाहिलं की आपल्याला मळमळतं. जगण्याच्या झगड्यात असलं लांबलचक ओझं टिकलंच कसं, हा त्याचा पेच होता. उत्तर त्याने १८७१ च्या ग्रंथात मांडलं: पिसारा जगायला नव्हे, निवडलं जायला आहे, आणि निवडते ती मादी. हजारो पिढ्यांच्या लांडोरींनी तो घडवला. चाचांनी लक्का घडवला तसाच, फरक एवढाच की इथे निवडणारी स्वतः पाखरू आहे. हे त्या काळच्या विद्वानांच्या पचनी पडेना. नैसर्गिक निवड ज्याने स्वतंत्रपणे शोधली होती त्या वॉलेसनेही मादीच्या आवडीला एवढा मान द्यायला नकार दिला. नराच्या अंगच्या जोमातून रंग येतात, असं तो म्हणत राहिला. पाखराच्या मादीला पसंती असते आणि त्या पसंतीने एक अख्खी जात आकाराला येते, ही गोष्ट मान्य व्हायला शंभर वर्षं जावी लागली. मला हा पक्षीशास्त्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

आता ती मान्य आहे, पण भांडणं मिटलेली नाहीत. इंग्लंडमध्ये मॅरियन पेट्रीने १९९१ मध्ये दाखवलं की जास्त डोळ्यांच्या मोरांना जास्त लांडोरी पसंत करतात. पुढे १९९४ मध्ये, अशा मोरांची पिल्लं जास्त तगतात. जपानमध्ये सात वर्षं निरीक्षण केलेल्या एका गटाला मात्र २००८ मध्ये असा काही संबंध सापडला नाही. त्यानंतर लक्ष डोळ्यांच्या संख्येकडून त्यांच्या झळाळीकडे वळलं. लांडोर एकच गोष्ट मोजत नसावी. गोरेवाड्यातली ती लांडोर बराच वेळ पारखत राहिली आणि अखेर घाणेरीच्या झुडपामागे निघून गेली. मोराने पिसारा मिटला. पावसाळा सरताना तो सगळा गळून जाणार आणि पुढच्या वर्षासाठी नवा येणार.

कामठीवरून कन्हान ओलांडून आम्ही भंडाऱ्याच्या वाटेला लागलो. मौद्याच्या पुढे जमिनीचा रंग आणि कामाची तऱ्हा बदलते. सोलापूरकडे श्रावणात रान कोरडं असू शकतं. माणसं ढगांकडे पाहत असतात. इथे बांध्यांमध्ये पोटरीभर पाणी होतं आणि रोवणी चालली होती. बायका ओळीने वाकून पऱ्हे लावत मागे सरत होत्या आणि त्यांचं गाणं एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जात होतं.

रस्त्याकडेच्या एका विहिरीवर बाभूळ ओणवली होती आणि तिला सुगरणींची घरटी लटकत होती. बहिणाबाईंच्या खोप्यामुळे हा पक्षी मराठी घराघरात ठाऊक आहे. पण त्या घरट्यांवर चाललेला व्यवहार फार थोड्यांनी थांबून पाहिला आहे. घरटं बांधतो तो नर. विणीच्या दिवसांत त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते. पण त्याचा खरा दागिना अंगावर नसतो, फांदीला टांगलेला असतो. घरटं तो अर्ध्यावर, टोपाच्या आकाराचं झालं की थांबवतो, त्याला उलटा लोंबकळून पंख फडफडवतो आणि कलकलाट करतो. मादी येते. आत शिरते, काड्या ओढून पाहते, बाहेर येते. पसंत पडलं तरच नर पुढचं बांधकाम करतो, नळी ओवतो. नाही पडलं तर घरटं तसंच राहतं. आम्ही पाहत होतो तेव्हा एक मादी पाठोपाठ तीन टोपांत शिरली आणि तिन्ही सोडून गेली. तिन्ही नर पुन्हा गवताची पाती आणायला उडाले.

हा सगळा संसार नीट उलगडून सांगितला तो सलीम अलींनी. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहत असताना त्यांनी सुगरणींची एक वसाहत पाहिली आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं: नर एक घर एका मादीला देतो आणि दुसरं बांधायला घेतो, मग त्यात दुसरी येते. मादी घराशी लग्न लावते, असं म्हणावं इतकं ते घर महत्त्वाचं. आणि नंतरच्या अभ्यासकांना दिसलं की मादी विणकामापेक्षाही जागा जास्त पाहते: फांदी किती उंच, झाड काटेरी आहे का, खाली पाणी आहे का. विहिरीवरची बाभूळ ही सुगरणीच्या मादीने केलेली निवड आहे. ती बाभूळ तोडली तर कितीही कुशल नर असला तरी त्याच्याकडे तिला दाखवायला काही उरणार नाही.

हा विचार मनात घर करून राहिला आणि पुढच्या सगळ्या वाटेवर माझ्याबरोबर होता. आपण पाखराचा रंग पाहतो, तुरा पाहतो, छायाचित्र काढतो. पण रंग दाखवायला एक अंगण लागतं, आणि ते अंगण पाखराला स्वतः बांधता येत नाही.

भंडारा-गोंदियाला अशी अंगणं माणसांनी बांधून दिली. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी टेकड्यांच्या मधल्या घळी अडवून तलाव केले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांचा. मालगुजारी संपल्यावर हे सगळे माजी मालगुजारी तलाव झाले, आणि लोकांनी त्यांना सुटसुटीत नाव दिलं: मामा तलाव. साकोलीच्या पुढे अशाच एका मामा तलावाच्या पाळीवर आम्ही थांबलो. पाण्यावर कमळं पसरली होती. एक ढिवर दादा डोंग्यातून कमळकाकडी काढत होते. हीच कमळकाकडी जरीपटक्यातल्या भाभी आवडीने रांधतात. सिंधी स्वयंपाकात तिला मोठा मान आहे.

पानांवरून कमळपक्षी चालत होते. लांब बोटं पसरून वजन वाटून घेत, पान जेमतेम दबावं इतक्या हलक्या पावलांनी. विणीच्या दिवसांत त्यांना लांब, बाकदार काळी शेपटी येते, मानेमागे सोनेरी रंग चढतो. नर-मादी दोघांनाही. फक्त मादी आकाराने मोठी. इथे सगळा खेळ उलटा आहे: एकेका मादीचं राज्य तलावाच्या एकेका भागावर असतं, त्या राज्यात अनेक नर असतात, ती एकापाठोपाठ एकेकाला चार-चार अंडी देते आणि पुढे जाते. अंडी उबवणं, पिल्लं वागवणं, धोक्यापासून त्यांना जपणं हे सगळं नराचं.

“अंड्यावर नरच बसते जी,” ढिवर दादा म्हणाले. “मादी चालली जाते. मी लहानपनापासून पाहून राह्यलो.”

अमेरिकेच्या रॉबर्ट ट्रिव्हर्सने १९७२ मध्ये जो नियम मांडला तो या दादांना डोंग्यातून दिसलेला होता. पिल्लांपायी ज्याचा जास्त वेळ आणि बळ जातं तो निवडीला कठोर होतो; ज्याचं कमी जातं तो नटतो, भांडतो, आर्जवं करतो. मोरात मादी राबते म्हणून मादी निवडते. कमळपक्ष्यात नर राबतो, तेव्हा भांडायचं काम मादीकडे येतं. याच पाणथळीतला रंगीत पाणलावा पाहा: त्याची मादी नरापेक्षा उठून दिसते, आणि तिन्हीसांजेला आवाज देते तीही मादीच. निसर्गात नटणं हा कोणा एका लिंगाचा धर्म नाही.

गोंदियाला जेवणात तांदूळ आणि तलावातल्या मासोळीचा तिखट रस्सा. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी या जोडीवर वाढलेल्या मला तिसऱ्या वाढीनंतरही भाकरीची आठवण येत राहिली, पण त्या रश्शाची चव मी विसरणार नाही. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, “सारस पायले का?” इथे सारसाची चौकशी अशी होते, घरच्या माणसाची व्हावी तशी.

परसवाड्याच्या बाजूला आम्हाला जोडी दिसली. सारस जवळजवळ माणसाएवढा उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. राखी अंग, आणि डोकं नि मानेचा वरचा भाग उघडा, लाल. विणीच्या दिवसांत हा लाल रंग आणखी भडक होतो. बांधीच्या धुऱ्यावर दोघं समोरासमोर उभी होती. एकाने मान लवून गवताची काडी उचलली आणि हवेत फेकली. दुसऱ्याने पंख उघडून उडी घेतली. मग दोघंही उड्या मारू लागली, वाकू लागली, पुन्हा उसळू लागली. थोड्या वेळाने दोघांनी चोची आभाळाकडे केल्या आणि युगुलगान सुरू झालं. नराच्या एका लांब हाकेला मादीच्या दोन आखूड हाका, इतक्या नेमक्या जोडून की डोळे मिटले असते तर एकच पक्षी ओरडतोय असं वाटलं असतं.

या जोडीत नर कोण नि मादी कोण हे दुरून ओळखणं अवघड. दोघांचा पोशाख सारखा, दोघंही नाचतात, दोघंही अंडी उबवतात, आणि वर्षानुवर्षं एकत्र राहतात. निवड इथे दोघांची. आणि जोडी जमल्यानंतरही नाच थांबत नाही. मोर लांडोर गेली की पिसारा मिटतो. सारस जुन्या जोडीदारापुढेही नाचत राहतात. मला हा नाच सर्वांत मोलाचा वाटतो.

धुऱ्यावर भेटलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी सांगितलं, “बांधीत घरटं केलं तं आमी तेवढी जागा सोडतो. तेवढ्यानं का होते जी?” सारसाचं घरटं म्हणजे धानाच्या पेंढ्याचा नि गवताचा मोठा ढीग; तेवढ्या जागेवरचं पीक जातं. तरी अशी माणसं आहेत म्हणून महाराष्ट्रात सारस उरला आहे, आणि तो जवळजवळ इथेच उरला आहे. विजेच्या तारा, खाचरांतली कीटकनाशकं, आटत चाललेल्या पाणथळी यांनी संख्या घटत गेली, तेव्हा २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. नाचणाऱ्या त्या जोडीच्या मागे विजेचे खांब होते. उडी मारताना मादी तारेच्या बाजूला सरकली की माझा श्वास अडके.

तिथून मी आगगाडीने पश्चिमेला आले. नागपूर, वर्धा, बडनेरा. धान संपलं आणि काळ्या मातीत कपाशी-सोयाबीन सुरू झालं. मूर्तिजापूरला उतरून कारंज्याकडे जाताना मधूनमधून सपाट, गवताळ पट्टे दिसतात. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या आसपासचे असे माळ मला घरच्यासारखे वाटले. आमच्या नान्नजचा माळ असाच आहे, फक्त तिथलं गवत आखूड आणि माती बरड.

मला तणमोर दाखवायला आलेले भाऊ फासेपारधी होते. त्यांच्या पूर्वजांनी घोड्याच्या केसांचे फासे लावून तितर-लाव्हे धरले. इंग्रजांच्या कायद्याने त्यांच्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. पाखराची चाल, हाक, बसायची जागा हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या साठलेलं. अकोला-वाशिमकडे आता याच समाजातले काही लोक त्या ज्ञानाने तणमोराचे माळ राखतात.

“याच जागी उडत होता भाऊ मागल्या साली. त्याच्या आंधीबी हितंच,” असं ते आधी माझ्या सोबत्याला म्हणाले, मग माझ्याकडे वळून, “बसा ताई, खाली बसा.”

गवत कमरेएवढं होतं. बराच वेळ काही नाही. मग बेडकाच्या डराव-डरावसारखा एक कोरडा खुळखुळ आवाज आला आणि गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उसळला, पंख फडफडवले, आणि खाली पडला. डोळ्यांना पटेपर्यंत तो गवतात नाहीसा झाला होता. थोड्या वेळाने त्याच जागेतून पुन्हा. तणमोराचा नर दीड-दोन मीटर उंच अशी उडी दिवसातून शेकडो वेळा घेतो, पाचशेपर्यंत. काळं अंग, पांढरा पट्टा, आणि कानामागून निघालेली टोकाला रुंद होणारी लांब पिसं, डोक्यामागे वळलेली. गवतात लपलेल्या मादीला दिसायचं तर गवताच्या वर यावं लागतं, म्हणून ही उडी.

आणि या उडीने त्याचं शरीरही घडवलं आहे. माळढोकाच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी, आणि याचा नर मादीपेक्षा हलका. चपळ उड्यांना हलकं अंग बरं. तणमोरणीने हलकेपणाची निवड केली. माळढोकाच्या मादीने नेमकी उलटी. माळढोकाचा नर उड्या मारत नाही. उघड्या माळावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवून पुढे लोंबती सोडतो, शेपटी पाठीवर उलटी करतो आणि दूरवर जाणारा घुमारा घालतो. तिथे मोठं अंग उपयोगी. त्याचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, मादीच्या दुपटीहून जास्त. एकाच कुळात, एकाच माळावर, दोन माद्यांच्या दोन आवडींनी एक नर लहान केला आणि एक थोर.

भाऊंनी माझ्या गावाचं विचारलं. मी नान्नजचं सांगितलं: १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, सोलापूरच्या शाळांच्या सहली तिकडे जात, भिंतींवर माळढोकाची चित्रं रंगवली गेली. मग आजूबाजूला द्राक्षं आली, ऊस आला, कालवे आले, तारा आल्या. आता वर्षाकाठी एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी होते.

“अन् नर?” त्यांनी विचारलं.

नराची बातमी येत नाही, मी सांगितलं.

ते काही क्षण गवताकडे पाहत राहिले. “मंग ती कोनाकडं पाहीन?”

तणमोरही आता जगभरात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. त्याला हवं असलेलं गवत सरकारी कागदावर पडीक जमीन म्हणून लागतं, आणि पडीक म्हटलं की कोणीतरी तिचा काहीतरी उपयोग करून दाखवायला निघतं, झाडं लावायलासुद्धा. माळावर झाडांची दाटी करणं हा तणमोराच्या दृष्टीने माळ नांगरण्याइतकाच घात आहे. भाऊंना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी मला माळाची हद्द दाखवली: शेजारचं सोयाबीन कुठवर आलंय, जनावरं कुठून घुसतात, कोणत्या कोपऱ्यात गवत या वर्षी पातळ आहे आणि का. या गवतावर त्यांच्या वस्तीचीही पोटं आहेत. ते कापून विकायचं असतं, आणि लवकर कापलं तर भाव बरा येतो.

“पन दसऱ्याच्या आंधी इकडं विळा लागत नाही,” ते म्हणाले. “पिल्लं उडून गेली, की मंग गवत आमचं.”